रिकाम्या बाजेवरची मिरची

भूतबित मी मानत नाही. हे पहिलेच सांगून ठेवतो, कावून की कमेंटमध्ये लोक लगेच 'धूप जाळा, लिंबू ओवाळा' लिहितात. माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली, तवाच ते सारं आमच्या घरातून गेलं. मी सातवी शिकलो, भिलाईत ब्लास्ट फर्नेसवर नोकरी केली, रिटायर झालो. नातीनं मोबाईलवर बोलून लिहाचं शिकवलं, म्हनून लिहून राहिलो. चुकलं तं चुकलं.

घर भिलाईतच, सुपेला बाजाराच्या मागच्या वस्तीत. वर गच्ची, गच्चीवर सुतळीची बाज. माही बायको शांता दर उन्हाळ्यात त्या बाजेवर लाल मिरची वाळवे. मी जवळ गेलो की ओरडे, "हात लावला ना? मंग पहिले हात धुवा, नाही तं डोळ्याले लावसान!" औंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. मिरची आनाच्या आधीच.

पावसाळ्यात मले चिकनगुनिया झाला. ताप गेला, सांधे धरलेलेच राहिले… अन् काही दिवसानं उजव्या डोळ्याले रंग फिके दिसाले लागले. डॉक्टरीण बाईनं एका बाटलीचं लाल झाकन दाखवलं. डाव्या डोळ्यानं लाल, उजव्यानं राखेसारखं. सारी जिंदगी वितळलेलं लोखंड पाह्यलं, अन् मले लाल दिसेना! बाईनं सांगितलं — व्हायरसच्या तापानंतर कधी कधी डोळ्याच्या नसेले सूज येते. भरती व्हा, सलाईनमधून औषध देऊ. उशीर केला तं नजर परत येनार नाही.

म्हटलं, उद्या येतो.

घरी आलो, वाळलेले कपडे काढाले गच्चीवर गेलो. दुपारचं ऊन होतं. बाजेवर मिरची पसरली होती. लालभडक! डावा डोळा झाकला — मिरची. उजवा झाकला — नुसती सुतळी. पुन्हा केलं, तेच. ज्या डोळ्याले झाकन लाल दिसत नव्हतं, त्याच डोळ्याले!

हात फिरवला. हाताले सुतळीच लागली. मंग नकळत डावा, चांगला डोळा चोळला… अन् असा जळला की बोंबललो. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची साहूबाई खोकत ओरडली, "कका, ये बेरा मिर्चा कोन सुखोवत हे गा? खाँसी म परान जावत हे!"

म्हंजे, या वक्ती मिरची कोन वाळवून राह्यलं, खोकून जीव चालला! तिले तं मी काही सांगितलंच नव्हतं.

घरात सांगितलं तं पोरगा हिंदीत सुरू झाला, "बाबा, रस्सी में पुरानी मिर्ची का पाउडर होगा।" अरे, सारा पावसाळा ती बाज उघड्यावर भिजली! साहूबाईचं वेगळंच. म्हने, काकी अटकली आहे, बैगा म्हंजे मांत्रिक आनते, झाडून देईल. म्हटलं, "माह्या बायकोले तिच्याच गच्चीवरून झाडनारा तो कोन?"

हॉस्पिटलात गेलोच नाही. दुपार झाली की डावा डोळा झाकून गच्चीवर बसे. औषध लागलं, डोळा सुधरला, तं मिरची जाईल — हेच भेव होतं. डोळा गेला तं जाऊ दे म्हटलं.

शेवटी सून वर आली. ऑटो दारात उभा करूनच आली.

"मामाजी, आई असत्या तं कान धरून नेलं असतं तुमाले."

"ती आहेच ना अठी."

"मंग आईच्या डोळ्यादेखत आंधळे होता का?"

डाव्या डोळ्यावरचा हात काढला. गेलो.

सलाईन लागल्या. झाकन आता लाल दिसते, थोडं विटकं, पन लाल. बाजेवर काहीच दिसत नाही. डॉक्टरीण बाई म्हने, नजर कमी झाली की डोकं आपलंच चित्र बनवते. बनवत असंल. पन माह्या डोक्यातल्या मिरचीनं साहूबाई कावून खोकलली? हे डॉक्टरीण बाईले सांगता आलं नाही, अन् मलेही येत नाही. भूत मी आजही मानत नाही. शांताले भूत म्हननाऱ्यानं माह्या दारात येऊ नये.

बाज तिथंच आहे, हटनार नाही. अजूनही एखाद्या दुपारी भिंतीपलीकडून साहूबाईचा ठसका ऐकू येते. मी वर जातो. दोन्ही डोळे उघडे ठेवून उभा राहतो, सुतळीवर हात फिरवतो.

मंग घरात येऊन पहिले हात धुतो.