रंगरावची बटणं

रंगराव, तुझ्या कॉम्प्युटरवरच्या त्या एडिटरला चारचौघांसारखा एक मेनू राहू दिला असतास, तर काही बिघडलं नसतं. असो. औषधं वेळेवर घे. पुष्पांजलीवर चिडू नकोस, ती बायको आहे तुझी, मशीन नव्हे.

पत्रात एवढं लिहून सिंधूताई थांबल्या. धाकट्या भावाला पुढे काय लिहावं, सुचेना.

रंगरावचं चिखलीत तहसीलसमोर अर्ज टाइप करायचं दुकान. टाइपरायटर गेले तेव्हा बाकीच्यांनी कॉम्प्युटरवर जे मिळालं त्यात भागवलं. यानं टाइप करायचा असा एडिटर शोधला, की ज्यात कुठल्या बटणानं काय करायचं ते आपणच लिहून ठरवायचं. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन बारा वर्षं तेच करत बसला. दोन बटणं दाबली की अख्खा रहिवासी दाखल्याचा अर्ज हजर. नाव, गाव तेवढं भरायचं. पडद्यावर दोन ओळी जास्त दिसाव्यात म्हणून वरची मेनूची पट्टीही काढून टाकली.

मग अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि दुकान पुष्पांजलीकडे आलं.

सिंधूताई देऊळगाव राजाहून भेटायला गेल्या, तेव्हा दारात तीन माणसं ताटकळत होती.

"सांगा ना हो, वारसाच्या अर्जाले कोणतं बटण?" पुष्पांजली विचारत होती.

"थांब. आठवून राह्यलो."

"बारा वर्षं रोज दाबलं ना तुम्ही!"

"बोटायले माहीत हाय. मले नाई."

"अरे, तूच लिहिलंस ना सगळं?" सिंधूताई म्हणाल्या. "मग वाच की!"

"वाचलं, ताई. एकावर एक लिवत गेलो. काऊन लिवलं, तेच आता समजत नाई."

"काकू, हातानंच लिहून द्या," दारातला एक जण कावला. "बस निघून जाईन ना माही!"

पुष्पांजलीनं कोरा कागद ओढला.

"काढून टाक ते, रंगराव," सिंधूताई म्हणाल्या. "साधं काहीतरी घाल त्यात."

"मंग मी इथं कायले बसू?"

 सिंधूताई निघाल्या तेव्हा तो म्हणाला, "रविवारी वही घेऊन ये, ताई. मी बोटं हालवतो, तू लिहून घे. डाव्या हाताची बटणं तरी वाचतीन."

"येते," त्या म्हणाल्या. वहीही विकत आणली. त्या रविवारी गुडघा आखडला. पुढच्या रविवारी, खरं सांगायचं तर, उठावंसंच वाटलं नाही. तोवर पुष्पांजलीनं साधा एडिटर टाकून घेतला होता. दुकान चालू लागलं. रंगराव आता घरीच असतो. फोनवर तो वहीचं विचारत नाही, आणि सिंधूताईही विषय काढत नाहीत, पत्रातसुद्धा नाही.