उलट्या आट्यांचे नट

आमच्या मामाला वाटे, लोखंड फक्त त्यालाच कळतं. खेडच्या बाजारात त्याचा लोहाराचा भाता होता. भात सडायच्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करून करून तो मिस्त्री झालेला. मुंबईच्या मोटारखान्यात चार वर्षं घासून आलेल्या मला तो चारचौघांत पाने उचलून द्यायला उभा करी. मी आतल्या आत जळत असे.

तेव्हा आमच्याकडे मोटार ही नवलाई होती. अशात एका शेठने मुंबईहून जुनी लॉरी आणली. पावसाळाभर ती जगबुडी नदीच्या काठी मांडवात उभी राहिली आणि चाकांचे नट गंजून बसले. दसऱ्याआधी ती रस्त्यावर यायला हवी होती. शेठने सरळ सांगितलं, जो चाक काढील तोच लॉरीचा मिस्त्री. जागा एकच होती आणि ती मला हवी होती.

मोठा म्हणून पहिला पाना मामाने धरला. चाक डाव्या बाजूचं. मामाचा नियम ठरलेला होता: देवाला प्रदक्षिणा घालतो तसा फिरवला की नट घट्ट, उलट फिरवला की सैल. मलाही त्याने हेच शिकवलं होतं. पण तसल्या लॉरीत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, धावताना नट सुटू नयेत म्हणून. तिथे नट प्रदक्षिणेनेच सुटतो. मला हे ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

मामाने घासलेट ओतलं, उंडीचं तेल सोडलं, पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली आणि अंगाचा भार टाकला. सैल करतो म्हणून तो नट आवळतच होता. पहिला बोल्ट कटकन तुटला. गंजाने खाल्लाय, असं मामा म्हणाला आणि मी मान डोलावली. दुसरा तुटला. तिसऱ्याला मी म्हणालो, "मामा, जोर जरा कमी पडतोय."

खोटं कशाला सांगू, मला फार मजा येत होती. मामाने दातओठ खाऊन हिसका दिला. बोल्ट तुटला, पाना सटकला आणि चाकाच्या कडेवर त्याच्या बोटांची सालटी निघाली. शेठने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

उरलेले नट मी प्रदक्षिणेने फिरवून काढले. तुटक्या बोल्टांची मुळं आत अडकली होती. त्यांच्या पोटात भोकं पाडली, चौकोनी पोलादी खिळा ठोकला आणि फिरवून एकेक बाहेर काढलं. मामा हाताला पंचा गुंडाळून शेवटपर्यंत बघत होता. शेठने जागा मला दिली.

संध्याकाळी मामा घरी आला. माझी आई त्याची धाकटी बहीण. हाताला काय झालं म्हणून तिने विचारलं, तर पाना सटकला एवढंच त्याने सांगितलं. निघताना मी त्याला पोचवायला अंगणाबाहेर गेलो.

"तुला आदीच म्हाईत व्हतं?" त्याने विचारलं.

"होय," मी म्हणालो.

"मंग बरं झालं. मला वाटलं, मुंबईस जावन तू काय शिकलासच नाय."

तो मनापासून बोलत होता. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परतवला असता. मी घरात आलो. आईने ताट वाढलं आणि मी निर्लज्जासारखा पोटभर जेवलो.