कॅझमामाचं ओलं तळघर

कॅझमामाच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. वरचं पाहुण्यांना दाखवायचं, तळघरातलं वापरायचं. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या या बाजूला आम्हा पोलिश लोकांच्या बहुतेक घरांत असंच असतं. खाली जुन्या शेगडीवर कोबी शिजतो, सॉसेज उकळतात, ईस्टरच्या आधी डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट मूळही खालीच किसलं जातं. वरच्या पडद्यांना कसलाच वास लागत नाही.

पण बर्फ वितळू लागला की मामाच्या तळघरात पाणी यायचं. सिंकच्या कोपऱ्यात आधी भिंतीला पांढरा खार फुटायचा, मग रंग फुगायचा, मग फरशीवरून एक बारीक ओघळ शेगडीकडे निघायचा. मामा तारेच्या ब्रशनं खार खरवडायचा, भेगांत सिमेंट भरायचा आणि वरून वॉटरप्रूफ रंगाचे हात द्यायचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा वसंत ऋतू त्या कोपऱ्यात गुडघ्यांवरच जात होता. चर्चला जायच्या शर्टावरही त्या रंगाचे शिंतोडे होते.

ओलीमुळे लोरेनमामीचा खोकला हटेना, तेव्हा तिनं सांगून टाकलं, यंदा पाणी आलं तर घर विकायचं आणि मुलीजवळ फ्लॅट घ्यायचा. मामानं नकारार्थी मान हलवली. त्याचा जन्म याच घरातला.

मार्चमध्ये मी गेले तेव्हा तो कोपऱ्यातच होता.

“मामा, पुन्हा तोच रंग?”

“डब्यावर लिहिलंय, ओल थांबते.”

“डब्यावरचं खरं असतं तर ती डाएटची बिस्किटं खाऊन मी कधीच बारीक झाले असते,” मामी जिन्यावरून म्हणाली.

“तू वर जा, लोरेन. इथं वास आहे.”

“वास तर लग्नापासून आहे.”

सिंकच्या वर, बाहेरच्या जमिनीलगत एक अरुंद खिडकी आहे. तिच्यातून मला बाहेरची मेरी, येशूच्या आईची मूर्ती, दिसली. जुना बाथटब उभा करून अर्धा पुरलेला, त्याच्या कमानीत निळ्या शालीतली मेरी. अशी मेरी गल्लीत घरोघरी आहे, पण अंगणाच्या मधोमध. मामाच्या आईला भांडी घासताना ती दिसायला हवी होती, म्हणून इथली भिंतीला चिकटून होती. ट्यूलिपसाठी दर वर्षी तिच्याभोवती माती चढवली जायची. त्या मातीचा उतार घराकडे झाला होता आणि छपराच्या पन्हळीचा पाइपही टबामागेच उघडत होता. वितळलेलं पाणी निमूटपणे भिंतीत मुरत होतं.

मी बोट दाखवलं. मामानं वर पाहिलं नाही.

“मला ठाऊक आहे,” मामी म्हणाली. “तुझी आजी होती तेव्हापासून. पण सासूला कोण सांगणार, तुमची मेरी गळतेय म्हणून?”

“मला सांगायचंस,” मामा म्हणाला.

“तुला दिसत नव्हतं?”

मामानं ब्रश डब्याच्या काठावर निथळत ठेवला. “दिसत होतं,” तो म्हणाला.

 आतून रंग लावत राहणं त्याला जमत होतं, बाहेर आईच्या मेरीपाशी कुदळ मारणं जमत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं मेरीला टॉवेलात गुंडाळून वरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं. त्या ओट्याचा खरा उपयोग बहुधा पहिल्यांदाच झाला. मग आम्ही टब उकरून काढला. माती वरून चिखल, खाली अजून गोठलेली. मामा चार फावडी मारायचा आणि दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. पायाची भिंत उघडी पडली तेव्हा तिच्यात एक लांब भेग निघाली. ती घासून, सुकवून भरली, वर डांबराचा लेप दिला. माती परत लोटली, ती ठोकून अंगणाकडे उतरती केली, पन्हळीच्या पाइपाला लांब तुकडा जोडून तोंड कुंपणाकडे वळवलं. इतकंच काम होतं. मामा मात्र या एका आठवड्यात म्हातारा दिसू लागला.

ईस्टरच्या आधी पावसानं उरलासुरला बर्फ धुऊन काढला. पाऊस थांबल्यावर आम्ही तिघं खाली उतरलो. मामानं कोपऱ्यात तळवा टेकवला, फरशीवर, मग भिंतीवर. तळवा कोरडा होता. मला वाटलं तो हसेल. तो रंगाच्या उपड्या डब्यावर बसला, बूट न काढता.

मामी वर गेली आणि मोठं पातेलं घेऊन खाली आली. शेगडीवर ठेवून तिनं कोबी काढला.

“मेरीला आता कुठं ठेवायचं?” मामानं विचारलं.

“अंगणाच्या मधोमध. चार लोकांसारखी.”

“आईला तिथली दिसली नसती.”

“मला दिसेल,” मामी म्हणाली. “मान जरा वर करावी लागेल.”

 बसल्या बसल्या मामाचा डोळा लागला, तशी मामी कोबी हळूहळू चिरू लागली.