हिल्डाच्या कुरणातलं भूत

हिल्डा सॅमवेजसमोर भुताचं नाव काढलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि इंग्लंडातल्या आमच्या या डॉर्सेटमध्ये भुताचं नाव काढल्याशिवाय माणसाच्या घशाखाली बिअर उतरत नाही. प्रत्येक टेकाडाखाली कुणी राजा पुरलेला, प्रत्येक पुलावर कुणी बाई रडत बसलेली. नुसता वैताग!

लग्न होऊन हिल्डा इथे आली तेव्हापासून मेंढ्यांच्या मागेच आहे. सुट्टीला म्हणून समुद्रावर कधी गेली नाही. मेंढ्या कोण बघणार? तिच्या कुरणात तीन उभे दगड आहेत, कुणी कधी रोवले देव जाणे. ते बघायला येणारे लोक फाटक उघडं टाकायचे, कुत्री मोकळी सोडायचे. म्हणून तिच्या नवऱ्याने, रूबेनने, माझ्याच पबमध्ये बसून थाप ठोकली, की तिथे मुंडकं नसलेला घोडेस्वार फिरतो. अक्कल बघा! भूत आहे म्हटल्यावर आमची माणसं घरी बसतात थोडीच? सँडविचं बांधून, कुत्र्यासकट बघायला येतात. गर्दी दुप्पट झाली.

"माझ्या नवऱ्याची थाप आहे ती!" हिल्डा फाटकावर उभी राहून ओरडायची.

"म्हातारी काहीतरी लपवतेय," लोक म्हणायचे.

हिवाळ्याच्या तोंडाशी रूबेन गेला. यंदा मेंढ्या व्यायला आल्या असताना कुणाच्या तरी कुत्र्याने कळपामागे लागून त्याला पळव पळव पळवलं आणि हिल्डाची सगळ्यात चांगली मेंढी गाभडली. त्याच दुपारी ती पबमध्ये आली, हातात साखळी आणि कुलूप.

"चल माझ्याबरोबर. आज फाटक बंद म्हणजे बंद. आणखी एक कोकरू जाऊ देणार नाही मी."

फाटकाशी एक मुलगी कुत्र्याला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"आजी, मला दिसलं!"

"मुंडकं नव्हतं ना? ठाऊक आहे. नीघ."

"मुंडकं होतं की! टोपीही होती. म्हातारा होता. लंगडत त्या दगडापाशी गेला, शीळ घालत."

हिल्डा जागच्या जागी थांबली. रूबेन लंगडायचा. आणि त्या शीळ घालण्यावरून तर ती जन्मभर त्याच्याशी भांडली होती.

"कुठल्या पायाने लंगडत होता?"

"अं... डाव्या, वाटतं."

"उजव्या!" ती अशी कडाडली की मेंढ्यांनी माना वर केल्या. "उजवा पाय अधू होता त्याचा! धड बघता येत नाही तर येता कशाला मरायला इथे?" तिचे डोळे भरले होते, आणि त्याचाही तिला राग आला होता.

"दे ते कुलूप, मी लावतो," मी म्हणालो.

तिने ते कोटाच्या खिशात कोंबलं.

"उद्या परत ये," ती त्या पोरीवर खेकसली. "आणि नीट बघ. पण ते कुत्रं घरी बांधून ये!"