मेहेर आपाच्या गालातला विडा

बांगलादेशातल्या आमच्या नेत्रकोन्यात इंग्रजीला घाबरत नाही असा माणूस दाखवा. म्हणून तर आमच्या शेजारणीच्या, मेहेर आपाच्या ओसरीवर रोज शिकवणीचा बाजार भरायचा. कर्तरीतला प्रश्न कर्मणीत फिरवणं ही तिची खासियत. छडी आपटत ती सुरात सांगायची, "हू जाईल, बाय हूम येईल, डिड मरेल, वॉज उठेल." मागून पोरांचा कोरस. अर्थ किती जणांना कळायचा अल्ला जाणे, पण चुकायचं कुणी नाही. पंचवीस वर्षं ऐकून माझ्या कोंबड्यासुद्धा मॅट्रिक पास झाल्या असत्या.

आपा स्वतः मात्र झाली नव्हती. इंग्रजीतच आपटली होती. हे मला ठाऊक होतं आणि मी कुणाजवळ बोलले नाही, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव पुण्य.

मग तळ्यापलीकडे नवा कोचिंगवाला आला. पाटीवर नाव वीतभर, पदव्या हातभर. पोरांच्या आया आपाला विचारू लागल्या, तुमचं शिक्षण किती? ओसरीवरच्या चटया निम्म्या झाल्या. आपानं दात-ओठ खात चोपन्नाव्या वर्षी मॅट्रिकचा फॉर्म भरला.

हॉलभर तिचीच पोरं, तोंड वासून बघत बसलेली. पहाऱ्याला तोफज्जल मास्तर, तोही तिच्याच छड्या खाऊन मोठा झालेला. पेपर आला. काच कोणी फोडली, हा इंग्रजी प्रश्न कर्मणीत फिरवून लिहा. झालं! जित्याची खोड ती. आपा छडी नव्हती म्हणून बाक बडवत मोठ्यानं सुरू झाली, "हू जाईल, बाय हूम येईल..." आणि अख्ख्या हॉलनं कोरस दिला. आवाज ऐकून तपासणीचे साहेब धावत आले.

तोफज्जल खाली मान घालून म्हणाला, "आपा, पेपर द्या. माझी नोकरी जाईल."

तिनं मुकाट्यानं दिला. त्या वर्षी हॉलमधली सगळी पोरं इंग्रजीत पास, आपा तेवढी बाद. गावभर बोभाटा झाला. तिनं ओसरी बंद केली. मी भात घेऊन गेले तर म्हणाली, "कुणाला तोंड दाखवू गं?"

मला रडू आलं. पण म्हटलं, "दाखवू नकोस. तोंड बंद ठेव."

पुढच्या वर्षी पेपरच्या दिवशी मी तिच्या गालात ओल्या सुपारीचा हा एवढा विडा कोंबला. तीन तास बोलायची सोय नाही, थुंकायला उठायची सोय नाही. कानशिलं तापली, डोळ्यांना धार लागली, सगळा रस बाईनं गिळला. पास झाली.

प्रमाणपत्र नाचवत तिनं ओसरी उघडली, तर चटया पुरेनात. अख्खा हॉल तोंडानं पास करणारी बाई म्हणून आयांनी पोरं आणून घातली होती. कागद कुणी बघितलासुद्धा नाही.

आपा माझ्यावर उखडली. "मग तो रस मी कुणासाठी गिळला?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिनं प्रमाणपत्र एकदा नीट वाचलं, पोलक्यात खोचलं आणि छडी उचलली.