पोर सुधारली

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी शिक्षिका आहे. ज्या मुलांना काही केल्या वाचता येत नाही त्यांना कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण घेतलंय. आणि माझ्याच घरात माझं कुणी ऐकलं नाही.

नवरा गेल्यापासून मी शेणव्याला भावाकडे राहते. त्याची मुलगी तिसरीत गेली तरी तिला ‘घर’ वाचता येत नव्हतं. ‘र’ला पोचेपर्यंत ती ‘घ’ विसरायची. पण तोंड! शेजारच्या म्हशीनं कुणाचा वाल खाल्ला, कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं, सगळं आवाज बदलून सांगायची. आम्ही हातातला घास तसाच ठेवून ऐकायचो. मी त्या तोंडालाच धरून शिकवायला घेतलं. ती बोलायची, मी तिचंच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायची, मग दोघी त्यावर बोट फिरवायचो. परातीत तांदूळ पसरून अक्षरं गिरवायचो. चुकलं तर परात हलवायची, ओरडायचं नाही. दिवाळीपर्यंत तिला छोटे छोटे शब्द ओळखू यायला लागले. हळूहळू, पण येत होतं.

मग एका हळदीला भावानं पाहुण्यांसमोर मोठ्या कौतुकानं तिच्या हातात लग्नपत्रिका दिली. “वाच गो.” ती पहिल्याच ओळीला अडली. दोघंतिघं हसले. त्याच मांडवात चुलतभावाच्या मुलानं इंग्रजी कविता धडाधड म्हणून दाखवली. भाऊ न जेवताच आम्हाला घेऊन घरी आला.

जूनमध्ये तिचं नाव शहापूरच्या एका इंग्लिश मीडियममध्ये घातलं. जिला मराठी वाचता येत नाही तिच्या डोक्यावर आणखी एक भाषा! मी चिडले. “अरे, पोरगी चालताना अडखळते, तिला तू डोंगर चढायला लावतोस?”

“तुझ्या मराठी शाळंत शिकून काय झाला ताई, सांग ना,” तो म्हणाला. “साहेब इंग्लिश बोलला का आमी गोडाऊनमदी खाली मान घालून उभं रातो. तिनी नाय घालायची मान खाली.”

भाऊ वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या शाळेत मराठी बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून पुठ्ठ्याची पाटी घालत. पालकसभेत मॅडमनी बजावलं, घरीही मराठी नको. भावानं ते मनावर घेतलं. स्वतःला इंग्रजीचा गंध नाही, पण पोरीच्या तोंडून मराठी शब्द निघाला की डोळे वटारायचा. माझी परात त्यानं बंद केली. सुरुवातीला तिच्या गळ्यात रोज पाटी असायची, घरी येऊन ती रडायची. मग पाटी थांबली. मला वाटलं, सरावली. कसली सरावतेय! तिनं बोलणंच सोडलं होतं. भातसुद्धा बोट दाखवून मागायची.

“पोर सुधारली,” वहिनी शेजारणीला सांगायची. “किती शांत झाली बघा.” ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. शाळेतून आलेली ती गणवेशातच खळ्यावरच्या पेंढ्यावर बसली होती आणि आम्ही भारे रचत होतो. मी वळून पाहिलं तर पाय घट्ट धरून, घामानं निथळत, दात आवळून बसलेली. आवाज नाही.

“काय झाला गो? बोल ना!”

तिनं माझ्याकडे नाही, बापाकडे पाहिलं. शाळेत तिला एकच वाक्य धड पाठ झालं होतं, ते ती बोलली.

“मे आय गो टू टॉयलेट, मॅडम?”

तिच्या पायाजवळून, पेंढ्यातून विंचू चालला होता.

भावानं मोटरसायकल काढली. मी तिला मांडीवर घेऊन मागे बसले. रस्ताभर तिच्या कानाशी एकच सांगत होते, “रड बाय. ओरड. मराठीत ओरड.” ती ओरडली नाही. सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या, सलाईन लावली, ती छताकडे बघत राहिली. जीव वाचला.

“धीराची आहे हो मुलगी,” डॉक्टर म्हणाले. “या वेदनेनं मोठी माणसं किंचाळतात.”

भावाचे डोळे भरून आले. इतक्या अभिमानानं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

“इंग्लिश मीडियमला हाय, साहेब,” तो म्हणाला.