केसपेपरमागची चिठ्ठी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते डोंबिवलीजवळच्या कोपरच्या एका मनोविकारतज्ज्ञांचे. मी त्यांना आजही सर म्हणतो. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी. मानसशास्त्राचं शिक्षण संपवून डोंबिवलीत आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. सरांनी दवाखान्यातली मागची खोली दिली. पहिला इस्त्रीचा शर्टही त्यांनीच घेऊन दिला. "पेशंटसमोर नीट दिसावं रे," म्हणाले. हे मी विसरलेलो नाही. पुढचंही विसरलेलो नाही.

गोळ्या सर द्यायचे, बोलण्याचं काम माझं. माझ्या नोंदी त्यांच्या केसपेपरला मागून टाचायची पद्धत होती.

एक शिक्षिका यायच्या. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमच्या गोळ्यांवर त्यांची तब्येत चांगली स्थिरावलेली. रोज मनातलं वहीत लिहून आणायला मी सांगितलेलं. फळ्यावर लिहिणाऱ्याचं अक्षर, गोल, ओळ न सोडणारं. तीन आठवड्यांत ते वाकडंतिकडं झालं. विचारलं तर म्हणाल्या, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणून रोज घेते. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं, एवढं मला ठाऊक होतं. सरांकडे गेलो.

"सर, बाईंचं रक्त तपासायला हवं. हात फार थरथरतोय."

"थोडी थरथर असतेच रे. तू मन बघ, हात मी बघतो. का आता प्रिस्क्रिप्शनपण तूच लिहिणार?"

रिसेप्शनवरच्या ताई हसल्या. मी चिठ्ठी लिहिली, गोळीचं नाव घातलं, तारीख घातली, टाचली. बाईंच्या नवऱ्याला सांगायला हवं होतं. गोळ्यांचा विषय आपला नाही म्हणून सांगितलं नाही. तेवढा दोष माझा.

नवव्या दिवशी बाई स्वयंपाकघरात कोसळल्या. रक्तात लिथियमचं विष झालं होतं. जीव वाचला, पण चालताना तोल जातो तो अजून जातो. आता फळ्यापाशी उभं राहून शिकवता येत नाही.

नवरा दवाखान्यात आला. सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बाई आठवड्याला यांच्यासमोर बसायच्या. यांनी मला कळवायला हवं होतं."

मी मान खाली घातली. अंगावर त्यांनीच घेतलेला शर्ट होता.

तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत गेला, ती घेऊन मी इतकी वर्षं जगतोय. तो गेल्यावर मी ताईंकडून फाइल मागितली. चिठ्ठी जागच्या जागी होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"अहो, तुमच्या चिठ्ठ्या सर उलटून बघतच नाहीत," ताई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहितीये."

मी चिठ्ठीचा फोटो काढून घेतला आणि महिनाअखेरीस नोकरी सोडली. आता ठाण्यातल्या कोपरीत पेशंट बघायला माझी स्वतःची खोली आहे. डॉक्टरांना लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत मी पेशंटच्या हातात देतो, वाचून दाखवून.

गेल्या महिन्यात सरांचं भाषणाचं निमंत्रण आलं. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची एकत्र सभा, अध्यक्ष सर, विषय आपसातलं सहकार्य. मी आधी बाईंच्या घरी गेलो. नवऱ्याला फोटो दाखवला, ही चिठ्ठी सभेत वाचू का विचारलं. त्यानं तारीख वाचली, मग म्हणाला, "बसा, चहा घ्या." बाई म्हणाल्या, "माझं नाव वगळा नि खुशाल वाचा. तारीख तेवढी वगळू नका."

त्याच रात्री फोटोची छापील प्रत काढली आणि सरांना पत्र लिहिलं. ते असं:

"आदरणीय सर, सा. न.

निमंत्रण मिळालं. येतो. तुम्ही खोली दिली नसती तर आज बोलायला उभा राहिलो नसतो, हे मी सभेत आधी सांगेन. मग सोबतची चिठ्ठी वाचेन, तारखेसह. बाईंची परवानगी आहे. तुमचं नाव घेणार नाही. नवव्या दिवशी काय झालं आणि दोष कुणावर आला, तेही सांगेन. बाईंचे यजमान माझ्यासोबत येतील, पहिल्या रांगेत बसतील. तुम्हाला काही बोलायचं असेल तर त्यांच्याकडे बघून बोला.

चिठ्ठीची प्रत या वेळी पत्राच्या वर लावली आहे.

आपला विद्यार्थी"